बिनचिठ्ठीचा दोरा

"दोरा आलाय," हे म्हणाले, आणि त्यांनी तो माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

मी ब्रेड कापत होते. सुरी तशीच हातात राहिली. "आज? आज कुणाचा?"

"तू सांग," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे इतका वेळ टक लावून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा यांची नजर माझ्या खांद्यांवर होती. त्यात त्यांचा दोष नाही. आमचे हे शवपेट्या बनवतात. समोर माणूस आला की आधी खांदे, मग उंची, आणि सवड मिळालीच तर चेहरा. अख्खा रस्ता यांना पेटीवाला म्हणतो, अर्थात पाठीमागे. तोंडावर "काका, कसं काय चाललंय?" एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सटकतात. कारण आमचा धंदा जोरात आहे म्हटलं तरी पंचाईत, मंदा आहे म्हटलं तरी पंचाईत. लग्नसमारंभात यांच्या शेजारी कुणी ताठ उभं राहत नाही. मी त्याच पेट्यांना आतून अस्तर शिवते आणि उशी भरते, त्यामुळे मला नावं ठेवायला जागा नाही.

दोऱ्याची पद्धत माझ्या सासऱ्यांपासूनची. पेटीवाला माप घ्यायला घरात आला की जाताना त्याची नजर आणखी कुणावर तरी पडते, असं लोक मानतात. म्हणून आमच्याकडे बोलावणं येत नाही, दोरा येतो. घरात कुणी गेलं की घरचीच माणसं पांढऱ्या सुती दोऱ्याने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतात, खांद्यांच्या रुंदीला गाठ मारतात, दोऱ्याची लडी करून मागच्या अंगणातल्या कारखान्याच्या कडीला अडकवतात आणि लडीत पत्त्याची चिठ्ठी खोचून निघून जातात. सकाळी हे कडी काढायला गेले की दोरा दिसतो. मग हे डोक्यावरची टोपी काढतात आणि कामाला लागतात.

या दोऱ्याला चिठ्ठी नव्हती.

"पडली असेल," मी म्हटलं. "नीट शोधलीत का?"

"शोधली."

"मग येतील विचारायला. तसंही आज काही करता येणार नाही."

गुड फ्रायडेला आमच्या घरात खिळा ठोकत नाहीत. ज्या दिवशी त्या बिचाऱ्याला खिळे ठोकले, त्या दिवशी हातोड्याला हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. हे गुरुवारी संध्याकाळीच हातोडा फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकतात. मरणारा कितीही मोठा असो, शुक्रवारी त्याने थांबायचं.

हे अजून उभेच होते. मग हळूच म्हणाले, "बरं. बोलवत नसेल तर राहू दे." आणि अंगणात निघून गेले.

माझ्या डोक्यात त्यातलं काहीच शिरलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि दुपारी माणसं जेवायला यायची होती. मी दोरा उचलला. शिवणाऱ्या बाईची एक खोड असते. दोऱ्याचं टोक हातात आलं की ते आपसूक ओठात जातं, सुईत ओवायला. तसं ते गेलं. दोरा खारट लागला. घामाने नाही, घामाची चव मला माहीत आहे. हा खारटपणा कडवट होता, जिभेला झोंबणारा. मी टोक थुंकून टाकलं, चूळ भरली, आणि दोरा स्वयंपाकघरातल्या हुकाला अडकवला.

इथे मुलाबद्दल सांगायला हवं. नाही सांगितलं तर पुढचं कळायचं नाही.

आमचा थोरला मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला लागला आणि नऊ वर्षांपूर्वी गुड फ्रायडेला दुपारी आमच्याबरोबर जेवून दुसऱ्या दिवशी निघून गेला. पाच महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. वादळ, रात्रीची पाळी, डेकवर शेवटचा दिसला, शोध लागला नाही. पत्रात "शोध लागला नाही" असं लिहिलं होतं. "मेला" असं कुठेही लिहिलं नव्हतं. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं, पण तो शब्द काही मला त्यात सापडला नाही. मग मी कशाला तो उच्चारू? फादरांनी प्रार्थना सुचवली, मी त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. काळे कपडे घातले नाहीत, कुणाला घालू दिले नाहीत. वर्षातून एकदा, याच दिवशी, मी त्याची खुर्ची टेबलाला लावते आणि ताट मांडते. घरातली माणसं त्या खुर्चीला वळसा घालून जातात. बोलत कुणी नाही. माझ्या तोंडाला लागण्याची हौस कुणाला असणार?

यांनीही नऊ वर्षांत त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, पेट्या करून करून माणूस लाकूड झालाय.

अकराच्या सुमाराला घंटेवाला आला. आमच्या चर्चची घंटा गुरुवारी रात्रीपासून मुकी होते ती थेट ईस्टरला बोलते. मधल्या वेळात हा गृहस्थ लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटत रस्त्यारस्त्याने फिरतो. खट खट खट, थोडं थांबून पुन्हा खट खट खट. लहानपणी मला तो आवाज ऐकून कुणीतरी हाडं वाजवतंय असं वाटायचं. आता साठी उलटली तरी वाटतंच. गेल्या काही वर्षांपासून तो आमच्याकडेच जेवतो, बायको गेल्यापासून.

"कोण गेलं हो?" मी त्याला पाणी देत विचारलं.

"कुठे कोण? आठवडाभर कुणी नाही."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? आधी फादर, मग मी, मग तुम्ही, ही आपली ओळ आहे. माझ्याकडे न येता तुमच्याकडे कसं कोण येईल?" तेवढ्यात त्याला हुकावरचा दोरा दिसला. त्याने पेला खाली ठेवला. "चिठ्ठी?"

"नाही."

"लांब माणूस आहे," तो म्हणाला, आणि फळ्या उचलून उरलेले रस्ते करायला गेला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदाच अर्धा पेला पाणी टाकून जाताना पाहिलं.

बाकीची मंडळी साडेअकराला आली. माझी मुलगी, जावई आणि आमचे धाकटे दीर. भाऊजी बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. देवाला भीत नाहीत, रक्तदाबाला भितात. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. मुलीचं लग्न होऊन चार वर्षं झाली, म्हणजे थोरल्याला त्यांनी कधी पाहिलेलंच नाही, फक्त भिंतीवरच्या फोटोत. सासूबाई होत्याच, खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीत. चौऱ्याऐंशी पूर्ण, कान जवळजवळ गेलेले.

दोऱ्याची बातमी घरभर व्हायला पाच मिनिटं लागली. मी पाण्याचा जग भरायला गेले तर बोळात भाऊजी. दोऱ्याचं एक टोक टाचेखाली दाबलेलं, दुसरं डोक्यावर धरलेलं, आणि वर चवड्यांवर उभे.

"काय करताय?"

"काही नाही, काही नाही. बघत होतो, सुती आहे का."

"चवड्यांवर उभं राहून?"

भाऊजींनी टाचा टेकल्या, पुन्हा मापलं, आणि लॉटरी लागल्यासारखा चेहरा केला. "वहिनी, वीतभर लांब आहे माझ्यापेक्षा! वीतभर!"

"अभिनंदन," मी म्हटलं.

जावई मोठ्याने हसले. "काका, दोऱ्याने कुणी मरतं होय? माझ्या लिफ्टच्या तारा बघा एकदा, मग कळेल दोऱ्याने काय होतं ते."

"मग उभे राहा ना जरा भिंतीला," मुलगी म्हणाली.

ते उभे राहिले. चार बोटं कमी भरले. हसतच बाजूला झाले, पण बाजूला होताना त्यांनी रुमालाने मान पुसलेली मी पाहिली. मुलगी आणि मी तर त्या मापाच्या जवळपासही नव्हतो. सासूबाईंना मी खुणेनेच विचारलं. त्या दोऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा नाही गं बाई. मी इतकी आखडलेय, मला आता पाळण्यातल्या पोराची पेटी पुरेल."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण एक माणूस राहिला होता. हे बाहेर अंगणात होते. खुंटीवर यांचा कोट होता. मी तो कोट शिवलाय, त्याचं इंच न् इंच मला पाठ आहे. गाठीपर्यंतचा दोरा मी कोटाच्या खांद्यांवर धरला, एकदा मापून विश्वास बसेना म्हणून दोनदा मापला. दोऱ्यावरचं माप रुंद होतं. हेही नव्हेत. मी कोट पुन्हा खुंटीला लावला.

"म्हणजे आपल्यापैकी कुणीच नाही!" मुलगी टेबलाशी प्लेटा मांडत म्हणाली. "सुटलो बाई—"

ती मध्येच थांबली. ती कुठे बघतेय ते मला न बघताही कळलं. मग जावयांनी तिकडे पाहिलं, मग भाऊजींनी. घंटेवाला नुकताच परत येऊन दारात उभा होता, त्यानेही. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला मी टेकून उभी होते आणि माझ्या हातातून दोरा खाली लोंबत होता. भाऊजी थोरल्याला लांब्या म्हणायचे. या घराच्या दारांत वाकून जावं लागणारा तो एकटाच होता.

नेमके त्याच वेळी हे अंगणातून आत आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या दोऱ्याकडे. त्यांनी आपली खुर्ची ओढली, बसले आणि प्रार्थनेला मान खाली घातली.

माझ्या अंगाची लाही होत होती. कुणी केला हा चावटपणा? कुणाला झाली ही हिंमत? चांगलं खडसावून विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण वर्षातला हा एकच दिवस असा की घरात आवाज चढवायचा नाही. मी दोरा हुकाला लावला आणि मुकाट्याने बसले.

जेवण कसलं, ब्रेड आणि पातळ सूप. चमच्यांचा आवाज तेवढा येत होता. बाहेर एकही गाडी नाही, एक पक्षी नाही. ऊन असं पांढरं पडलं होतं की खिडकीतून रस्त्याकडे बघवेना.

टक.

सगळे चमचे थांबले.

टक. टक.

आवाज मागून आला होता, कारखान्यातून. हातोडा माळ्यावर होता आणि तो मारणारा माझ्या समोर बसला होता.

"लाकूड," हे म्हणाले. "उन्हाने तडकतं."

भाऊजींनी जोरजोरात मान हलवली. "तडकतं, तडकतं. बसचा टपसुद्धा तडकायचा."

मग खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई, ज्यांच्या कानाशी ओरडावं लागतं, त्या दाराकडे वळून म्हणाल्या, "कोण आलंय? आत घ्या ना त्याला."

उरलेलं सूप वाट्यांतच गार झालं.

तीन वाजताच्या उपासनेला आम्ही पुढेमागे निघालो. त्या वेळेला चर्चमध्ये दिवा नसतो, फुलं नसतात, वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवलेलं असतं. सामान हलवलेल्या घरासारखं वाटतं. फादर जमिनीवर पालथे पडले. लोक गुडघ्यांवर आले. मीही आले आणि सवयीने पुरुषांच्या बाकाकडे पाहिलं. भाऊजी होते. जावई होते. त्यांच्या मधली जागा मोकळी होती.

चौतीस वर्षांत यांनी तीनची उपासना कधी चुकवली नव्हती. माझ्या मनात नको नको ते आलं. तो दोरा मी कोटावर मापला, माणसावर कुठे मापला होता? मी उठले, मुलीला हाताने बस म्हटलं आणि बाहेर पडले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची दारं बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले. माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येत होता. मी धावले म्हणायला हरकत नाही. माझ्या वयाला आणि वजनाला जमेल तेवढी. फाटकातून आत शिरले आणि तो आवाज ऐकला. सर्र, सर्र. लाकडावरून रंधा फिरत होता.

कारखान्याचं दार उघडं होतं. हे शर्टाच्या बाह्या सरसावून बाकड्याशी उभे होते. पायाशी पिवळ्या सालींचा ढीग. बाकड्यावर एक काळसर, घट्ट रेषांची फळी, आणि भिंतीला तशाच आणखी सहा टेकून ठेवलेल्या. त्या फळ्या मी ओळखल्या. मागच्या फडताळावर वर्षानुवर्षं होत्या. मी एकदा विचारलं होतं तेव्हा "एका गिऱ्हाइकाच्या आहेत" एवढंच म्हणाले होते.

"आज काम?" माझा श्वास लागला होता.

"खिळा नाही ठोकत," हे म्हणाले. "सांधे करतोय. लाकडाच्याच खुंट्या घालीन. याला लोखंड लागणारच नाही."

"कुणाची आहे?"

मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

यांनी रंधा आडवा ठेवला. हात पँटला पुसले. "सकाळी कडीला दोरा बघितला तेव्हाच समजलो मी. म्हटलं, हिला तोंडाने बोलवलं नसेल. आणि मला विचारवलं नसतं, हे पण तुला माहीत होतं. बरं केलंस. आपल्याकडे जसं सांगायचं असतं, तसं सांगितलंस."



"पत्र आलं ना, त्याच महिन्यात आणल्या मी या," फळीवरून हात फिरवत हे सांगत होते. "दर सहा महिन्यांनी उलटून ठेवतो, वाकू नयेत म्हणून. सतरा वेळा उलटल्या. म्हटलं, ती हो म्हणेल तेव्हा. तिच्या आधी नाही." मग म्हणाले, "या गावातल्या सगळ्यांची पोरं मी झाकली गं. आपलंच उघड्यावर राहिलं."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी नाही टांगला तो दोरा. मला काही ठाऊक नाही. माझा मुलगा जिवंत आहे, ठेवा त्या फळ्या परत. हे एवढंच बोलायचं होतं, आणि ते खरं होतं.

पण मी यांच्या खांद्यांकडे पाहिलं. आयुष्यभर यांनीच लोकांचे खांदे बघितले, यांचे मी कधी बघितले नव्हते. ते नऊ वर्षं कानांपर्यंत चढलेले होते, थंडीत चालणाऱ्या माणसाचे असतात तसे, आणि मला वाटायचं वयामुळे. आज ते खाली आले होते. या माणसाला मी लाकूड म्हणत होते, आणि हा सतरा वेळा त्या फळ्या कुशीवर वळवून माझी वाट बघत बसला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुःख जणू एकटं माझंच होतं!

"हो," मी म्हटलं. "मीच टांगला."

त्या तीन शब्दांत माझा मुलगा गेला. तोवर समुद्राला तो नेता आला नव्हता.

यांनी मान हलवली. नाक ओढलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ते दुसरं टोक धर जरा. हलतंय."

मी फळीचं टोक धरलं. चर्चमधून माणसं परत येईपर्यंत धरून होते.

दोरा कुणी टांगला ते मला आजही माहीत नाही. शनिवारी मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. मुलगी माझ्या अंगावरच आली, "आई, मी असलं करीन?" भाऊजींनी आईची शपथ घेतली. घंटेवाल्याने छातीवर क्रूस केला. सासूबाईंच्या कानात ओरडून विचारलं तर म्हणाल्या, "त्याला विचार." कुणाला, ते काही सांगितलं नाही. अस्तर बेतायला म्हणून दोरा घ्यायला गेले, तर हुकावर दोरा नव्हता. यांनी घेतला नव्हता. मग मी पेटीचंच माप घेतलं आणि अस्तर शिवलं, पांढरं, दुहेरी शिवणीचं. उशी जरा मऊ भरली. त्याला कडक उशी चालायची नाही.

ईस्टर झाला, घंटा बोलली. मंगळवारी दफनविधी ठरला. सोमवारी संध्याकाळी जावई आणि भाऊजींनी मिळून पेटी अंगणातून चर्चमध्ये नेऊन ठेवली. दोघांनी गप्पा मारत नेली.

"आत काय ठेवायचंय?" फादरांनी मला विचारलं. "कपडे, पत्रं, काही आठवण? बरेच जण ठेवतात."

"काही नाही," मी म्हटलं. मला खोटं काही ठेवायचं नव्हतं. मंगळवारी सकाळी मी स्वतः आत हात फिरवून पाहिलं. अस्तर आणि उशी, बस्स. झाकण मी लावलं आणि यांनी वरच्या खुंट्या हाताच्या तळव्याने ठोकून बसवल्या.

चौघांनी पेटी उचलली. पुढे हे आणि भाऊजी, मागे जावई आणि घंटेवाला. मला वाटलं होतं, झटक्यात वर येईल. तसं झालं नाही. चौघांचे गुडघे वाकले. भाऊजींच्या मानेची शीर फुगली. घंटेवाल्याने दफनभूमीच्या फाटकाशी पाऊल अडखळल्यावर "सावकाश, सावकाश" म्हटलं. वाटेत दोन ठिकाणी त्यांनी खांदा बदलला. मी मागून चालत होते आणि मला भरून आलं. म्हटलं, किती चांगली माणसं आहेत! रिकामी पेटी भरलेल्यासारखी नेतायत, केवळ माझ्या मनासाठी. नऊ वर्षं मी या लोकांशी धड बोलले नव्हते.

दुपारी सगळं आटपलं. पाहुणे गेले. हे सासूबाईंच्या पायाशी सतरंजीवर आडवे झाले आणि तिथेच झोपले. दिवसा झोपलेले मी यांना प्रथमच पाहत होते. मी कपबश्या विसळायला घेतल्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर जावई बसले होते. त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडून कॉलर मागे सरकवली होती. उजव्या खांद्यावर वीतभर लाल पट्टा उठला होता, मध्ये निळसर.

"आई, एक विचारू?" त्यांनी आवाज खाली आणला. "रागावू नका. तुम्ही आत नंतर काही ठेवलं होतं का? दगड, पुस्तकं, काही?"

"नाही हो."

"नक्की?"

"मीच झाकण लावलं. काही नव्हतं."

हसून उडवून लावतील असं मला वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "काल मी आणि काकांनी दोघांनीच नेली ना, तेव्हा हलकी होती. आज... मी रोज लिफ्टच्या मोटारी उचलतो, आई. वजन कळतं मला. कालच्यापेक्षा पासष्ट-सत्तर किलो जास्त होती. काकांना विचारलं तर ते बोलायलाच तयार नाहीत."

मी नळ बंद केला. हात पुसले.

"अडुसष्ट," मी म्हटलं. "जहाजावर जायच्या आधी डॉक्टरांनी तपासलं होतं. दाखल्यावर अडुसष्ट लिहिलं होतं."

मी आतून मलमाची डबी आणली, जावयांच्या मागच्या पायरीवर बसले आणि त्या खांद्याला हलक्या हाताने मलम लावलं.